न झिजलेलं पातं

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. नातवंडं झाली म्हणून काय झालं, माझ्या लेखी तू अजून बायकोची धाकटी बहीणच आहेस, तेव्हा आशीर्वाद मुकाट्यानं घे.

टिक्.

एवढाच आवाज. तारेवरून थेंब सुटावा तसा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला तो आवाज काल पुन्हा ऐकला, तेव्हापासून कानातून जात नाही. त्याचं सांगतोच. आधी खुशाली. गुडघा तोच, तक्रारी त्याच. तुझी ताई लेकीकडे गेलीय, येत्या शनिवारी परतेल. बाल्कनीतल्या कुंड्यांना मी पाणी घालतो. एक कुंडी वाळली, पण ती आधीपासूनच रुसलेली होती.

काल बोलता बोलता मी फोन ठेवला, त्याचा राग मानू नकोस. तुझ्यावर चिडलो नव्हतो. पुढचं ऐकवेना.

झालं असं, की निघायच्या दिवशीच ताईच्या पर्सचा पट्टा तुटला. घाईघाईत तिनं सामान दुसऱ्या पर्समध्ये ओतलं आणि बस गाठली. म्हटलं, येईपर्यंत पट्टा शिवून ठेवू. माझा चाकू घेतला, जाड दोरा घेतला, खिडकीशी बसलो.

माझं चाकूचं वेड तुला ठाऊक आहे. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. पेन्सिलीला टोक यंत्रानं काढणारे आमच्या कचेरीत होते, पण मी त्यांना आरेखक मानत नसे. खिशातला चाकू कसा निवडावा यावर तर मी तासभर बोलू शकतो, आणि तुम्ही तो तास सोसलेला आहे. पातं आपल्या तळहाताच्या रुंदीएवढं, जास्त नको. मूठ चारही बोटांत भरली पाहिजे. साधं पोलाद काळं पडतं पण धार धरून ठेवतं, चकचकीत पोलाद नुसतं चकाकतं. आणि वापरलेला चाकू हातात द्या, धनी काय करतो ते मी सांगतो. माझ्या पात्याचं टोक पेन्सिलींनी खाल्लंय. माळ्याचं पातं पोटाशी झिजतं. फळं सोलणाऱ्याचं मुठीजवळ.

पट्ट्याचा टाका आतून घ्यावा म्हणून पर्सचं अस्तर उलटं केलं. अस्तराच्या आड, वरून हात सहज जाईल असा एक छोटा कप्पा शिवलेला होता. बारीक, नीट टाके, तिच्याच हातचे. कप्प्यात चाकू.

आधी मी हसलो, खरं सांगतो. म्हटलं, बाई लपूनछपून माझ्याच पंथाला लागली! कारण लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी मी तिला शिंपल्याच्या मुठीचा चाकू दिला, तेव्हा काय म्हणाली होती? "मला मेलीला काय करायचाय चाकू? नखं आहेत की." तो अजून कपाटात, डबीतच आहे.

मग मी हा उघडून पाहिला, आणि हसू गेलं.

चिमणे, त्या पात्यानं कधी काहीच कापलेलं नाही. दोरा नाही, कागद नाही, लिंबू नाही. कारखान्यात धार लावताना उमटलेल्या बारीक रेघा अजून जशाच्या तशा आहेत. पण नखानं पातं ओढायची खाच झिजून गुळगुळीत झालीय. मुठीवर अंगठ्याएवढा खोलगट डाग पडलाय. आणि सांध्याचा खिळा इतका सैल, की पातं दुधाच्या दातासारखं हलतं. म्हणजे हा चाकू हजारो वेळा उघडलाय आणि हजारो वेळा मिटलाय. बाकी काही नाही. असा चाकू मी जन्मात पाहिला नव्हता. कुणाचा म्हणून ओळखायचा?

म्हणून तुला फोन लावला. मला वाटलं, तू चकित होशील. तू म्हणालीस, "अगंबाई, सापडला होय तुम्हाला!"

"तुला ठाऊक होता?"

"मीच तर होते बरोबर, घेतला तेव्हा. दोन घेतले. एक तिला, एक मला. एका हातानं पर्सच्या आत उघडायला शिकताना तिचं अंगठ्याचं नख मोडलं होतं. तुम्हाला शिवणयंत्राचं नाव सांगितलं."

"पण भीती कुणाची होती गं?"

"कुणाची म्हणजे? रस्त्याची."

"नाव सांग मला."

"नाव असतं तर चौकीत नसतं का दिलं, भावोजी? टेलिफोन ऑफिसातून सुटल्यावर ती लाकडाच्या वखारीमागची गल्ली. रोज निराळा कुणीतरी. कधी कुणीच नाही, तेही तसंच." मग तू हसलीस. "तुम्ही सफरचंद सोलता सोलता पोलादावर भाषण द्यायचात ना, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. आणि तुमच्या लेकीकडे पण आहे हो. हॉस्टेलला गेली तेव्हा ताईनंच दिला."

तिथं मी फोन ठेवला.

माझ्या घरात, माझ्या नाकासमोर. मला वाटत होतं या घरात चाकूतलं कळणारा मी एकटाच.

ती गल्ली आमच्या कोपऱ्यावर येऊन मिळायची. तिथल्या दिव्याखाली मी रोज तिची वाट पाहत उभा असायचो. "इथवर कशाला येता?" ती म्हणायची. मी म्हणायचो, संध्याकाळ बघायला. शाळेत पाठ केलेल्या कवितांनी माझं डोकं तेव्हाही भरलेलं होतं, आणि मला ती संध्याकाळ खरंच सुंदर दिसायची. ती गल्लीतून यायची, उजवा हात पर्समध्ये. मला पाहिलं की पर्समधून आवाज यायचा, टिक्. मला वाटे पर्सचं बटण. काल फोन ठेवल्यावर चाकू नुसता उघडमीट करत बसलो, तेव्हा तोच आवाज आला; उघडताना की मिटताना, ध्यानात राहिलं नाही. मी तर त्यावर दोन ओळीही जुळवल्या होत्या:

टिक् म्हणाली सांजवेळा,
दिवा लागला, ती आली.

तुम्हा सगळ्यांना म्हणून दाखवल्या होत्या. तूही टाळ्या वाजवल्या होत्यास, लबाडे.

आता जे विचारायचं टाळत इतकं लिहिलं, ते लिहितो. काल फोनवर जीभ रेटली नाही. तो आवाज मला पाहिल्यावरच यायचा. मग तो चाकू माझ्यासाठीही होता का? मी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, हे तुला ठाऊक आहे. पण गल्लीची भीती जिनं मला कळू दिली नाही, ती माझी कशी कळू देईल? मला पाहून ती चाकू उघडत होती का गं? रात्रभर हाच एक विचार.

आज सकाळी खिळा जरा ठोकून घट्ट केला, तेलाचा थेंब सोडला आणि कान लावून बसलो. उघडताना पातं "टक्" म्हणतं, जड. मिटताना...

थांब. बेल वाजली. दूधवाला तर येऊन गेला. बघून येतो.

ती आली आहे. शनिवारची, ती आजच. दार उघडलं तर पायरीवर उभी, घामानं डबडबलेली. उजवा हात त्या दुसऱ्या पर्समध्ये मनगटापर्यंत, आणि कापडाआडून तिचा अंगठा हलताना मला दिसत होता. उघड, मीट. उघड, मीट. रिकाम्या जागी.

तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि हात बाहेर काढला. आवाज कुठून येणार? पण हात अगदी तसाच आला, त्या दिव्याखाली यायचा तसा.

मिटताना "टिक्" म्हणतं, चिमणे. मिटताना.

"पर्स विसरले होते, म्हणून परत आले," म्हणाली. "तिच्यावाचून बसस्टॉपवरून चालवेना." मग टेबलाकडे पाहिलं. शिवलेला पट्टा, शेजारी चाकू. खुर्ची ओढून बसली. आता पाणी पितेय, समोरच. मी हे लिहितोय ते तिला दिसतंय, आणि ती थांबलीय.

तेव्हा इथंच पुरे करतो. आज बोलायची पाळी तिची.

तुझा,
संध्याकाळ बघायला उभा राहणारा
भावोजी