श्रीखंडाचा रिकामा डबा

शनिवार संध्याकाळ, कासलबार

आज नेमबाजीच्या रेंजवर काडतुसं भरून उरलेली बंदुकीची पावडर मी घरून नेलेल्या श्रीखंडाच्या डब्यात ओतली आणि चहाला गेलो. डब्यावर चिठ्ठीसुद्धा नाही. गाढव आहे मी. परतलो, तर एक नवखा क्लबची पावडर समजून त्यातलीच मापात घेत होता. माझी पावडर क्लबच्यापेक्षा जोरकस; त्या मापाने त्याच्या रायफलीची नळीच फुटली असती! रेंज सांभाळणाऱ्या पॅटने वेळेत त्याचा हात धरला. मला एवढंच म्हणाला, "पावडर मूळ डब्यातच ठेवायची, ग्रँड?" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक ना'. ओरडला नाही. का नाही ओरडला?

घरी बायकोला सगळं सांगितलं.

"कुणाला लागलं नाही ना?" मग लगेच, "आणि माझा डबा?"

तिथेच टाकला म्हटल्यावर जी ओरडली, तेव्हा कुठे मला हलकं वाटलं.