बाथरूमच्या खिडकीतलं पोळं

तीर्थरूप मामांस,

भाचीचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामी अजून तुम्हाला जिना चढू देत नसतील तर त्यांचंच बरोबर आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल (हे वाक्य पत्र संपल्यावर पुन्हा वाचावं).

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली आणि विद्यापीठात परतायचं म्हटलं की मी बॅगेकडे पाठ करून बसते. कारण आमच्या गाइडबाई. मी गांधीलमाश्यांवर प्रबंध लिहिते हे तुम्ही चारचौघांत कौतुकाने सांगता. पण मला गांधीलमाश्यांची भीती वाटते का, हे विषय देताना कुणी विचारलंच नाही. त्यात घरी आले तर बाथरूमच्या खिडकीत हे मोठं पोळं. बाबा काठी शोधत होते, तेवढ्यात मी फोनवर बाईंना सांगून बसले. झालं! हुकूम सुटला, पोळ्याला धक्का लावायचा नाही, एकेका माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि कोण राबतं, कोण नुसतं बसून खातं, ते टिपून ठेवायचं. (बाबा म्हणाले, ही पाहणी आधी आपल्या घरातल्या माणसांची व्हायला हवी.) मी डोक्यावर हेल्मेट आणि हातात भांडी घासायचे मोजे चढवून कामाला लागले, पण माशी जरा हलली की मी मागे उडी मारायची, त्यामुळे माश्यांपेक्षा खिडकीलाच जास्त ठिपके पडले. शेजारच्या काकू मला त्या अवतारात पाहून किंचाळल्या, आणि त्यांच्यामुळे मी. बाबा तर डोक्यावर पातेलं धरून आंघोळ करायचे. तरी हळूहळू मला माश्या ओळखू यायला लागल्या. निळ्या ठिपक्याची दिवसभर खपायची आणि लाल ठिपक्याची तिच्यावर डाफरायची (मी आणि गाइडबाई). खरं सांगते, मजा वाटायला लागली होती.

आणि गेल्या आठवड्यात आई टॉवेल घ्यायला खिडकीशी गेली, तर माशी तिच्या मानेला डसली. आईने सवयीप्रमाणे "काही झालं नाही" म्हटलं. पण बघता बघता तिचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वासातून शिट्टी वाजायला लागली. बाबांना किल्ली हातात असून सापडेना. गाडीत मी आईला घट्ट धरून बसले होते. या माश्यांबद्दल इतकं वाचलेलं, पण त्यातलं एकच आठवत होतं, ते म्हणजे त्यांच्या विषाने श्वास कसा कोंडतो. दवाखान्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर, हा विचार मामा, माझ्या डोक्यातून जातच नाही. आईने मात्र डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न केला, "कुठल्या रंगाची होती गं?"

घरी आल्या आल्या पोळं जाळायला बाबांना मीच सांगितलं. मी तिकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या ठिपक्याची कुठून तरी परत आली आणि रिकाम्या खिडकीशी घिरट्या घालत राहिली.

आता निम्मा प्रबंध धुरात गेला, हे बाईंना कोणत्या तोंडाने सांगू? त्या नवं पोळं शोधायला लावणार. आणि हल्ली साधी घरमाशी गुणगुणली तरी मला आईची ती शिट्टी ऐकू येते. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : सहज विचारते, तुमच्या पडद्यांच्या दुकानात मदतीला कुणी हवं आहे का? मला कापड मापता येतं, गिऱ्हाइकाशी गोड बोलताही येतं (शिकेन). लवकर कळवा, म्हणजे परतीचं तिकीट रद्द करते.

आणखी एक ता. क. : आईजवळ यातलं अक्षर काढू नका. तिला वाटतं, मी आनंदाने बॅग भरते आहे.

ता. क. (अक्षर ओळखलं असशीलच) : दादा, पाकीट चिकटवायला तिने माझ्याकडेच दिलं. बॅगेत तिने आतापर्यंत फक्त छत्री भरली आहे. काल मी तिच्या बाईंना फोन केला. बाई खडूस आहेत, पण आधी माझी मान कशी आहे ते विचारलं आणि मग म्हणाल्या, पोळ्याचं नंतर बघू, पोरीला पाठवा. माझा ऊर भरून आला रे. तेव्हा पत्र मिळताच तिला फोन कर आणि दुकानात जागा नाही म्हणून सांग. असली तरी.