क्वार्टर मिळेपर्यंत

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुन्हा 'पुढल्या महिन्यात'!

जूनमध्ये पंजाबातून सामान घेऊन आष्टीला आलो तेव्हा हे म्हणाले होते, "नव्या स्टेशनला क्वार्टर मिळेपर्यंत दोन महिने आईजवळ राहा." ह्यांचं युनिट झाशीकडं गेलं, आम्ही इथं. तेव्हापासून काळ्या लोखंडी पेट्या भिंतीला लागून पडल्यात. निम्म्या तर उघडल्यासुद्धा नाहीत.

पोरांची नावं गावच्या शाळेत घातली नाहीत. केंद्रीय विद्यालयाचा दाखला हातात आहे. तो तसाच ठेवला की नव्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयात सरळ घेतात. इथं नाव घालायचं, महिन्याभरात काढायचं, कशाला तो खटाटोप? असं आम्ही दोघांनीच ठरवलं. मोनालीची आठवी, प्रेमची चौथी. मी म्हणाले, तोवर मी शिकवते घरी.

तोवर!

आज फोनवर ह्यांनी रविवारची हजेरी घेतली. प्रेम सावधानमध्ये उभा. "जी पापा." मोनालीनं विचारलं, "पापा, क्वार्टर की लिस्ट में अपना नंबर कितना है?" तर म्हणाले, "आ रहा है बेटा." नंबर काही सांगितला नाही.

११ नोव्हेंबर

पहाटे बुद्धवंदना, मग पाणी भरणं, भाकरी, मग शाळा. आमची शाळा म्हणजे ओटा. पेटीचं झाकण उघडून भिंतीला टेकवलं की फळा. झाकणावर ह्यांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात आहे, ते सोडून बाकीच्या जागेत लिहायचं. दुसरी पेटी बाकडं.

आठवीची पुस्तकं इंग्रजीतली. मी मराठी मीडियम, दहावी. दुपारी पोरं जेवली की डिक्शनरी घेऊन उद्याचा धडा आधी मीच वाचते. एका पानाला अख्खी दुपार जाते. गणितात मोनाली माझ्यापुढं गेलीय. ती आधी मला समजावते, मग मी तिला विचारते, मग दोघी मिळून प्रेमला ओरडतो!

सासूबाईंचं वेगळंच. प्रेमनं त्यांना विचारलं, "दादी, आप चाय पियोगी?" तर म्हणाल्या, "हे लेकरू मला आप म्हणून राह्यलं! मी काय तहसीलदार हाये का रे?"

१२ नोव्हेंबर

गणित सुटलं नाही. डोकं दुखतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाजारात मोनालीला घेऊन गेले. पिशवी धरायला कुणी पाहिजे, आणि भाजी तोलताना तिचा हिशोबही होतो. मेथीच्या जुडीपाशी पुष्पाबाई भेटल्या. शेजारच्या गल्लीतल्या, सासूबाईंच्या मैत्रीण.

"काय गं संध्या, मिलिटरीवाल्यांच्या लेकरांला शाळाच नसती काय? बरं हाये. आमच्या नातवाला बी सांगते, घरीच बस, तुला बी मिलिटरीत धाडू!"

मी हसून घेतलं. मग त्यांनी सरळ मोनालीलाच विचारलं, "कितवीला गं पोरी?"

मोनाली माझ्याकडं बघायला लागली. मीच म्हणाले, आठवीला.

परतताना अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "मम्मी, मैं एट्थ में हूँ ना?"

"आहेस की."

"किसके एट्थ में?"

वाटेत भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

२० नोव्हेंबर

आज ह्यांना स्पष्ट विचारलं, इथं नाव घालू का पोरांचं? "आता कशाला? आलंच की क्वार्टर. एवढे दिवस काढले, अजून थोडे." आवाज कसातरीच. थंडी लागली असेल.

आठवीचं वर्ष असंच गेलं तर नववीत तिला कोण घेणार? दुसरं काही सुचत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रेमनं आज गल्लीतली पोरं गोळा करून विहारापुढं पीटी घेतली. "दाहिने मुड़!" अर्धी डावीकडं, अर्धी उजवीकडं, एक बसूनच. सासूबाई दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत हसत होत्या. तेवढ्यात इकडं शेळी सुटून ओट्यावर आली आणि तिनं इंग्रजीच्या पुस्तकातला अख्खा धडा खाल्ला. प्रेम पळत आला, पान बघितलं आणि आनंदानं ओरडला, "मम्मी, वो कल वाला लेसन था!"

नवं पुस्तक घेणार नाही. मोनालीच्या जुन्या पुस्तकातून उतरवून घेते.

४ डिसेंबर, पौर्णिमा

उपोसथाचा उपास धरला. पांढरी साडी नेसून विहारात बसले. डोळे मिटले तर समोर क्वार्टर! दोन खोल्या, नळाला पाणी, पोरं शाळेत गेलेली, मी एकटी चहा पितेय. मन कुठं जातं बघा. भंतेजी बोलत होते आणि मी पडदे कुठले लावायचे ते ठरवत होते.

६ डिसेंबर

विहारात बाबासाहेबांना अभिवादनाला गर्दी. शाळेच्या पोरी रांगेनं आल्या, आठवीतल्या दोघींनी भाषण केलं. मोनाली माझ्या मागं बसली. मेणबत्ती लावायला पुढं सरकत नव्हती. "मम्मी, आप लगा दो."

११ डिसेंबर

दैवशालाचा फोन. तिचा नवरा धर्मराज ह्यांच्याच युनिटला. गाव वडीगोद्री. "वहिनी, बाळाचं जावळ काढायचंय रविवारी. तुम्ही आल्याबिगर कात्री लावणार न्हाई, सांगून ठेवते!" एवढा आग्रह का, कळलं नाही. तिची माझी ओळख पंजाबातली, पाणी यायच्या वेळी नळावर भेटायचो तेवढीच. जाते म्हणाले. बाळाला कापडं घ्यावी लागतील.

१४ डिसेंबर, रविवार

उशीर झालाय, तरी लिहिते. नाही लिहिलं तर झोप येणार नाही.

दोन गाड्या बदलून वडीगोद्रीला पोचले. पोरं सासूबाईंजवळ. दारात मांडव, गोडाचं जेवण. दैवशालानं मला पहिल्या पंगतीत तिच्या सासूशेजारी बसवलं. जेवण झालं तर माझी ओटी भरायला साडी घेऊन उभी. मी म्हणाले, अगं हे काय, मी काय केलं?

तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. डोक्यावरचं जावळ काढलेलं, छातीवर टाक्यांची रेघ. म्हणाली, "वहिनी, तुम्ही न्हाई म्हणल्या असत्या तर हे लेकरू आज कुठलं!"

"मी?"

"ऑगस्टात तुमचा पहिला नंबर लागल्ता ना क्वार्टरला. आमचा पार शेवटी. याच्या काळजाला भोक, अन् मिलिटरीचा दवाखाना तिथं. भाऊंनी तुमचा नंबर आमच्या ह्यांला दिला अन् आमचा स्वतः घेतला. हे घेतच नव्हते. पण भाऊ म्हणले, संध्याला विचारलंय, ती हो म्हणली."

ऑगस्टमध्ये! मी ऑगस्टमध्ये पेटीच्या झाकणावर फळा करत होते.

मांडीवरचं बाळ माझं मंगळसूत्र ओढत होतं. मी हसले. म्हणाले, "लेकरापुढं क्वार्टरचं काय एवढं." साडी घेतली. तिच्या सासूनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

गाडीत खिडकीशी बसले. रडूसुद्धा आलं नाही.

१५ डिसेंबर

दोनदा फोन आला. उचलला नाही. पोरांना सांगितलं, चार्जिंग नाही.

खोटं बोलले.

१६ डिसेंबर

पहाटे पंचशील म्हणताना 'मुसावादा'पाशी आले आणि पुढचं निघेना. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे रोज म्हणते. कालच बोलले. आणि हे तर पाच महिने! सासूबाई मागून म्हणाल्या, "इसरली काय गं?" म्हणाले, नाही, ठसका लागला.

दुसरं खोटं.

१८ डिसेंबर

आज उचलला. पोरं ओट्यावर होती, मी मागं गोठ्याकडं गेले.

"दैवशालाचं बाळ बघून आले," एवढंच म्हणाले. हे म्हणाले, "कसं हाये?"

"चांगलं आहे. मी हो म्हणाले म्हणून चांगलं आहे म्हणे!"

"संध्या..."

"विचारायचं होतं ना मला! मी नाही म्हणाले असते का?"

"न्हाई. तू दे म्हणली असती, मला माहीत हाये."

"मग?"

"तू दे म्हणली असती, अन् मंग फोन ठेवून रडली असती. ते मला इथून बघवत न्हाई."

"आणि पोरीचं वर्ष? दर महिन्याला पुढला महिना, पुढला महिना?"

"वाटलं, मधी कुणाची बदली निघल, नंबर वर सरकंल, तुला कळायच्या आधी सगळं बराबर होऊन जाईल. सरकलाच न्हाई."

"आता कितवा?"

"एकोणीस."

मी म्हणाले, बाळाला नंबर दिला त्याचं मला काही वाटत नाही. चांगलंच केलं. पण माझ्या तोंडचा होकार तुम्हीच दिलात, आणि त्यात पोरीचे पाच महिने गेले. त्यांनी नुसतं हं केलं. मी फोन ठेवला. शेळीला पाला टाकला. आणि त्यांना जे बघवत नव्हतं तेच केलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दाखले काढले, पोरांना घेतलं आणि सरळ शाळेत गेले. ह्यांना विचारलं नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "वयाप्रमाणं वर्गात बसवतो ताई, भिऊ नका. पण जूनपास्नं काय करून राह्यल्ते?"

"घरी शिकवत होते सर. क्वार्टर मिळेपर्यंत."

मोनालीला फळ्यावर गणित दिलं. तिनं सोडवलं, पण बोलली इंग्रजीत. प्रेमला मराठीचं पुस्तक दिलं. तो वाचायला लागला आणि खिडकीतून बघणारी पोरं खी खी हसली. प्रेम थांबला, मग मोठ्यानं वाचायला लागला. सर म्हणाले, "मराठी मागं हाये. बसंल पण मेळ." सोमवारपासून या म्हणाले.

२२ डिसेंबर, सोमवार

दोघंही गेली. मोनाली कोपऱ्यापर्यंत माझा हात धरून आली. इतकी मोठी पोरगी. मग सोडला.

घरात आवाज नाही. पेटीच्या झाकणावर शुक्रवारचा भागाकार तसाच. पुसायला फडकं घेतलं आणि तिथंच भिंतीला टेकून झोपले. सासूबाईंनी उठवलं नाही. दुपारी उठले तर भाकरी झाकून ठेवलेली.

२४ डिसेंबर

मोनाली शाळेतून आली, जेवली नाही. मधल्या सुट्टीत एकटीच बसते म्हणे, प्रेमनं सांगितलं. चूक केली का मी?

३ जानेवारी २०२६

शाळेत सावित्रीबाईंची जयंती. पोरींचं नाटक. मोनालीला बोलायला काही नव्हतं, हातात पाटी घेऊन उभं राहायचं. राहिली. पण शेवटी शेजारची पोरगी वाक्य विसरली तेव्हा हिनं हळूच सांगितलं. मराठीत! माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंना मी चिमटाच काढला.

विहारात संध्याकाळी दोघी गेलो. आज पडदे आठवले नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

प्रेम काल मारामारी करून आला. शर्टाची दोन बटणं गायब. "मम्मी, त्यानं मला हिंदीवाला म्हणलं, मंग म्या त्याला हाणलं." मी ओरडणार तेवढ्यात सासूबाईंनी त्याला पोटाशी धरलं. "म्या म्हणला! ऐकलं का? म्या म्हणला! आता झालं हे माझं लेकरू!"

बटणं लावून दिली. मारामारीबद्दल ओरडायचं राहून गेलं.

ह्यांच्याशी बोलते. कामापुरतं. पोरांची हजेरी चालू आहे. आज मोनालीनं त्यांना स्वतःहून सांगितलं, तिच्या बाकावर कोण कोण बसतं ते. दोन पोरींची नावं. हे तिकडून म्हणाले, "और बता."

८ फेब्रुवारी, रविवार

क्वार्टर मिळालं!

युनिटातल्या पुष्कळ जणांच्या बदल्या निघाल्या, नंबर एकदम वर आला. पंधरा दिवसांत ताबा घ्यायचा. तिथं केंद्रीय विद्यालय जवळच. हे फोनवर लहान पोरासारखे बोलत होते. "ह्या टायमाला खरं हाये, संध्या. शपथ." म्हणाले, नळाला पाणी दिवसभर असतं. खिडकीला पडदे नाहीत तेवढं बघ.

मी लगेच पेटीचं झाकण पुसून काढलं. प्रेम नाचतोय. सासूबाई उगाच लोणच्याच्या बरण्या काढून बसल्यात. मोनाली आत गेली, अभ्यास करतेय.

किती थकलेय मी! आता जाऊन नुसतं बसायचंय त्या दोन खोल्यांत.

९ फेब्रुवारी

मोनालीला शाळेतून आल्यावर जवळ बसवून विचारलं. खरं सांग, म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही सगळे जा. मी आज्जीजवळ राहते. मला पुन्हा नवी पोरगी व्हायचं न्हाई."

ह्यांना फोन लावला.

"आपल्या खालचा नंबर कुणाचा?"

"का गं?"

"त्याला द्या. ह्या बारीला पोरीला विचारून दिलाय."