उरलेले दात न काढणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, बीड.

अर्जदार : सौ. मंगल अजिनाथ केकाण, वय ३८, धंदा ऊसतोड,
रा. कड्याजवळील माळावरची वस्ती, ता. आष्टी, जि. बीड.

विषय : उजव्या गालात वारंवार येणाऱ्या कळेचे कारण तपासून ठरविणेबाबत व ते ठरेपर्यंत अर्जदाराचे उरलेले दात काढू नयेत असा लेखी अभिप्राय मिळणेबाबत.

संदर्भ : १) गेल्या हंगामात कारखान्यावरील आरोग्य तपासणीत मिळालेली डॉक्टरांची चिठ्ठी.
२) मोफत दंतशिबिराचे जाहीर पत्रक.

महोदय,

वस्तीवरचे सगळे अर्ज मीच लिहिते. रेशनकार्डात नाव वाढवणे, डीपी जळाल्याची तक्रार, पोरांचे शाळेचे दाखले. बारावीपर्यंत शिकल्याचा एवढाच उपयोग झाला. स्वतःसाठी अर्ज लिहिण्याची ही पहिलीच वेळ असल्याने भाषा कोठे घसरल्यास सांभाळून घ्यावे. हे सर्व मी समक्ष येऊन तोंडी सांगू शकत नाही, कारण बोलताना कळ येते. मी मुकी नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते. मागे एका ठिकाणी केसपेपरवर तसे लिहिले गेले आहे आणि ते खोडून घेण्यासाठी मला बोलता आले नाही.

१) कळ दोन हंगामांपूर्वी सुरू झाली. ऊस तोडताना पाचटाचे पाते उजव्या गालाला लागले, एवढेच निमित्त. पाते रोजच लागते. उसात काम करणाऱ्या बाईच्या गालावर ओरखडे नसतील तर ती कामाला गेली नाही असे समजावे. पण त्या दिवशी मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागावा तसा झटका नाकपुडीपासून कानापर्यंत गेला आणि मी कोयता टाकून खाली बसले. दहा अंक मोजेपर्यंत कळ गेलीसुद्धा. तेव्हापासून ती येते आणि जाते. कधी पंधरवडाभर नाव घेत नाही आणि मग एखाद्या दिवशी पाठच सोडत नाही. तोंड धुताना येते, भाकरी चावताना येते, मोटारसायकलवर मागे बसल्यावर वारा लागला तरी येते. डोक्यावरचा पदर गालावर घसरला तरी येते. त्यामुळे मी वडीलधाऱ्यांसमोर पदर घेत नाही आणि यावरून माझ्या सासूबाई भिवराबाई यांनी माझ्या माहेरचा अनेकवार उद्धार केलेला आहे. त्याबद्दल या अर्जात तक्रार नाही, माहितीस्तव लिहिले.

कळ जाते तेव्हा मागे काहीही ठेवत नाही. सूज नाही, ताप नाही, लाली नाही. सासूबाई चुलीपासून उठून येईतो मी बरी झालेली असते. ढोंग करणारी बाई आणि मी, बाहेरून बघणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतो, हे मलाही मान्य आहे.

२) कळ सुरू होण्याच्या आधीपासून माझे दोन्ही तळपाय बधिर आहेत. चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, पुढे गेल्यावर मागे वळून शोधावी लागते. गेल्या हंगामात कोयता घोट्याखाली लागला, तो माझ्यामागे मोळ्या बांधणाऱ्या मंजुळाबाईंनी रक्त पाहून सांगितले तेव्हा कळला. म्हणजे कोयता लागला तर कळत नाही आणि पदर लागला तर सोसत नाही. एकाच माणसाला असे कसे होते, हे मला घरी पटवून देता आलेले नाही. माझे यजमान अजिनाथ म्हणतात, "पायाला कोयता लागलेला कळंना, अन् वाऱ्यानं गाल दुखतोय म्हंती. असं कुठं असतंय का?" ते रागाने म्हणत नाहीत. त्यांना खरोखर समजत नाही. मलाही समजत नाही, म्हणून हा अर्ज.

३) आपणास आमच्या कामाची पद्धत माहीत असेलच, तरी लिहिते. आमच्यात कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटी बाई किंवा एकटा गडी हा अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम टोळीत घेत नाही. त्यामुळे हंगामाआधी दुखणे निस्तरून घ्यायची आमच्यात रीत पडली आहे, आणि निस्तरणे म्हणजे काढून टाकणे. जे अंगात राहिलेच नाही ते ऐन तोडीत दुखणार नाही, असे सरळ गणित आहे. वस्तीवरच्या पुष्कळ बायांप्रमाणे माझीही गर्भपिशवी काढलेली आहे. पोटात दुखत होते आणि अंगावरून जात होते. ते गोळ्यांनी थांबले असते की नाही, हे पाहण्याइतका वेळ नव्हता, कारण टोळी निघायची होती. दिवाळीच्या सुमारास आमच्या बाया एकमेकींना "तुझं औंदा काय काढलं?" असे विचारतात, करंज्या झाल्या का विचारावे तितक्या सहज.

४) जबड्यात कळ येते म्हणजे दाढ, हे ठरायला घरात वेळ लागला नाही. मी मिश्री लावायची सोडली होती, कारण बोट हिरडीला लागले की कळ यायची. त्यावरून सासूबाईंनी दाढ किडल्याचे जाहीर केले. दातांच्या डॉक्टरांकडे यजमान सोबत आले. दवाखान्यात बाईचे दुखणे नवऱ्याने सांगायचे आणि बाईने मान हलवायची, ही आमच्याकडची पद्धत. यजमानांनी सांगितले, "दाढ लई दुखती, काढून टाका." मी मान आडवी हलवली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आणि इंजेक्शन देऊन खालची दाढ काढली. इंजेक्शनची बधिरता होती तोवर कळ आली नाही, त्यामुळे सर्वांचे समाधान झाले. पुढच्याच आठवड्यात कळ परत आली. मग तिच्या शेजारची दाढ गेली, मग वरची, मग वरच्या शेजारची. सगळा दोष डॉक्टरांचा आहे असे मी म्हणत नाही. त्यांना जे सांगितले गेले त्यावर त्यांनी काम केले. मात्र चौथी दाढ त्यांनी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि मग बाजूला ठेवली, हे मी पाहिले आहे.

५) गेल्या हंगामाच्या शेवटी कारखान्यावर आरोग्य तपासणीसाठी डॉ. वैष्णवी मॅडम आल्या होत्या. त्यांनी यजमानांना बाहेर बसायला सांगितले आणि माझ्या हातात कागद-पेन दिले. गालाला कापसाने हलकेच शिवून पाहिले, पायाच्या अंगठ्यावर थरथरणारा लोखंडी चिमटा टेकवून पाहिला. थरथर मला समजली नाही. त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चूक असल्यास ती माझी समजावी.

ही दाढ नव्हे, चेहऱ्याच्या नसेचे दुखणे आहे. पुष्कळदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला टेकलेली असते आणि तिच्या ठोक्यांनी नसेवरचे आवरण झिजते. पण माझे पायही बधिर असल्याने मॅडमना घाईने तसे म्हणायचे नव्हते. पायाच्या नसा साखरेने जातात, बी-बारा कमी पडल्याने जातात. चेहऱ्याची ही झटक्याची कळ मात्र नुसत्या साखरेने येते असे खात्रीने सांगता येत नाही. क्वचित एक आजार असा असतो की त्यात नसांचे आवरण आतून जागोजागी उडते, तो माझ्या वयाच्या बायकांतही दिसतो आणि त्यात पाय नि चेहरा दोन्ही सापडू शकतात. नाहीतर दोन वेगळी दुखणी एकाच बाईच्या वाट्याला आलेली असतील. यातले कोणते, हे मेंदूचा एमआरआय आणि रक्त तपासल्याशिवाय त्या सांगणार नाहीत, असे त्या म्हणाल्या. मला खात्रीने काही सांगायला नकार देणारे माणूस प्रथमच भेटले आणि मला त्याचा फार आधार वाटला.

त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी कळ निम्म्याहून कमी झाली. एक दिवस उसाच्या फडात मी गाणे म्हटले, असे मंजुळाबाई अजून सांगतात. पण गोळीने झापड यायची. हातात कोयता आणि डोळ्यांवर झापड हे पाहून यजमान घाबरले आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. मॅडम पुन्हा आल्या नाहीत, आणि गोळी कमी करावी की बदलावी हे विचारायला दुसरे कोणी नव्हते.

६) गावी आल्यापासून कारणांचा तुटवडा मात्र पडलेला नाही. सासूबाईंच्या मते माझ्या लहानपणीची नागीण आत शिरली आहे. नागीण चेहऱ्यावर निघाली तर मागे अशी कळ राहू शकते, हे मॅडमनीही सांगितले होते, पण माझी कमरेवर निघाली होती. त्यावर सासूबाई म्हणतात, "फिरती हाय ती." एका डॉक्टरांनी साखर काढली. ती थोडी वाढलेली निघाली, म्हणून माझा चहा बंद झाला, कळ चालू आहे. मेडिकलवाल्यांनी बी-बाराची इंजेक्शने सुचवली. ती घेतल्यावर पायाच्या मुंग्या जरा कमी झाल्या, गाल आहे तसा आहे. आमचे मुकादम धर्मराज यांच्या मते हा बोअरच्या पाण्याचा दोष आहे, पण तेच पाणी बाकीची सगळी वस्तीही पिते. यातल्या काहींचे थोडे थोडे खरे असेलही. पण प्रत्येक जण आपले कारण सांगून चहा पिऊन जातो आणि मी तिथेच असते. मला कळेची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही की कारण ठरले नाही तर हाताला जे लागेल ते काढले जाईल.

७) आणि तसेच होऊ घातले आहे. मंगळवार दि. २८ ऑक्टोबर रोजी गावात एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसानिमित्त मोफत दंतशिबिर आहे. यजमानांनी त्यात माझे नाव दिले आहे. उजवीकडचे वरचे-खालचे उरलेले सगळे दात एकाच बैठकीत काढायचे ठरले. मुकादम धर्मराज ओट्यावर बसून म्हणाले, "दात हाय तवर दुखणं हाय. दातच न्हाईत म्हणल्यावर काय दुखंल, हिरडी?" वास्तविक हिरडीच दुखते. मी तसे सांगायला तोंड उघडले तेवढ्यात कळ आली, आणि ती पाहून ते म्हणाले, बघा, दातच हाय. शिबिर झाले की त्याच आठवड्यात टोळी निघेल.

यजमान वाईट नाहीत, हे आपल्या दप्तरी असावे. ते माझी भाकरी आमटीत स्वतः कुस्करून देतात आणि मी खाऊ लागले की दुसरीकडे बघतात, कारण कळ आल्यावर माझे तोंड कसे होते ते त्यांच्याने बघवत नाही. त्यांना मी बरी व्हायला हवी आहे आणि बरे करण्याचा एकच मार्ग त्यांना माहीत आहे. मला त्यांचा संताप येतो आणि त्याच वेळी कीवही येते. रडावे तर आसवे गालावरून खाली येतात आणि कळ उठते, त्यामुळे तेही बंद आहे. उरलेले दात गेल्यावर मी भाकरी कायमची सोडेन, आणि कळ माझ्याबरोबर फडात येईल. मग पुढच्या दिवाळीला काय काढायचे, याचा विचार घरात कोणीच करत नाही.

८) सबब विनंती की, माझ्या रक्ताची, पायांची व चेहऱ्याच्या नसेची तपासणी करून, लागल्यास एमआरआय करून, कारण काय ते ठरवावे. एक कारण ठरत नसल्यास तसे स्पष्ट लिहावे, मी ते मान्य करीन. तोपर्यंत अर्जदाराचा एकही दात काढू नये, असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. मी मान आडवी हलवते त्याला आमच्याकडे घाबरणे म्हणतात. शिक्क्याच्या कागदाला मात्र कोणी तसे म्हणत नाही. बंद केलेल्या गोळीबाबत, झापड न येता ती कशी घेता येईल, याचेही मार्गदर्शन व्हावे. तपासणीच्या वेळी प्रश्न मला विचारावेत, उत्तरे मी लिहून देईन. सोबतच्या पुरुषाला विचारू नये.

ही शेवटची विनंती खरे तर अनावश्यक आहे, कारण सोबत पुरुष नसेल. २८ तारखेला शिबिरात माझे नाव पुकारतील त्या वेळी मी आपल्या रुग्णालयातील केसपेपरच्या रांगेत उभी असेन. घरी अद्याप सांगितलेले नाही. बीडला एकटीने येण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग आहे. वारा लागू नये म्हणून एसटीत खिडकीपासून लांब बसणार आहे, म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचेन. त्या दिवशी आपण दौऱ्यावर असल्यास दुसऱ्या दिवशीही मी तेथेच असेन. कागद हातात पडल्याशिवाय मला घरी परतता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

ठिकाण : कडा
दिनांक : १७/१०/२०२५

आपली नम्र,
(सही)
मंगल अजिनाथ केकाण

सोबत :
१) डॉ. वैष्णवी मॅडम यांची चिठ्ठी, झेरॉक्स. मूळ प्रत माझ्याजवळ ठेवली आहे.
२) रक्ताचा रिपोर्ट.
३) दंतशिबिराचे पत्रक.
४) काढलेल्या दाढा, नग चार, पुडीत बांधून. कीड आहे का ते पाहावे. पाहून झाल्यावर परत मिळाव्यात, त्या माझ्या आहेत.