माझ्या नावावर लागलेली आग

ति. मलेफेत्साने दाजींना मेव्हणा रामोहापीचा नमस्कार. वेल्कमच्या खाणीतली धूळ छातीला फार छळत नसेल, ताईचे गुडघेही बरे असतील, अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल. डोंगर तेवढा जळाला.

त्या रविवारी तुम्ही दुपारच्या टॅक्सीने गेलात आणि तासाभरात कुंपणामागून धूर निघाला. आपल्या सरत्या हिवाळ्यातला ऑगस्टचा वारा, गवत वाळलेलं, पुढचं काय सांगायचं! मोलेफीने (माझा थोरला, ज्याचं लग्न ठरतंय) नगरपालिकेला फोन केला. बंब आधी पलीकडच्या गावी जाऊन जिंजर बिअर पिऊन आला आणि मग आमची आग विझवली.

विझल्यावर बंबावरच्या साहेबाने वही काढून विचारलं, "ही आग कोणाची?" परक्याने वस्तीत काही विचारलं की उत्तर वडीलधाऱ्याने द्यायचं, ही आपली रीत. विहीर कोणाची, कुत्रं कोणाचं, भांडण कोणाचं, गेली वीस वर्षं मी "माझं" म्हणत आलोय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काठी टेकत पुढे झालो आणि म्हणालो, "माझी." बायकोने कपाळावर हात मारून घेतला. साहेबाने लिहून घेतलं.

आठवड्याने बिल आलं. ज्याच्यामुळे आग, त्याच्याकडून खर्च वसूल, असा नियम आहे म्हणे. चौदा हजार रँड! सहा माणसं, बंबाचे किलोमीटर (जिंजर बिअरची चक्कर धरून) आणि पाणी (तेही आपल्याच ओढ्यातून खेचलेलं). मी कचेरीत जाऊन रीत समजावली. टेबलामागची बाई म्हणाली, "बाबा, इथे रीत जमा होत नाही. रँड भरा."

खरं सांगतो, मोलेफीच्या होणाऱ्या सासऱ्याला मुलीसाठी रीतीप्रमाणे द्यायच्या आठ गाई जेमतेम जमवलेल्या. एक कमी पडली तरी ती माणसं लग्न मोडतील, आणि पोरगं चार वर्षं थांबलंय. पण झालं सगळं नीट. शुक्रवारी बिल भरलं, शनिवारी त्यांनी गाई मोजल्या, आठच्या आठ. लग्नाला ताईला घेऊन या.

तुमचा,
रामोहापी

ता. क. बिल कशातून भरलं, असं विचाराल. ताईची लाडकी तांबडी गाय तुम्ही माझ्याकडे राखायला ठेवली होतीत ना, दूध माझं, गाय तुमची, या बोलीवर? ती विकली.

आणखी ता. क. मध काढताना माशांना धूर द्यायला पेटवलेली गोवरी तुम्ही कुंपणामागे तशीच टाकून गेलात, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईलाही नाही. गाईचं तिला काय सांगायचं, ते आता तुम्ही बघा.