माझ्या मागावरची बाई

प्रिय नोएलीन ताई,

उभ्यानेच नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा होता, पण गुडघे सध्या माझ्या आज्ञेत नाहीत. इकडे ओमारूत मी आणि शोना बरे आहोत. तू दर पत्रात "मी मजेत" एवढंच लिहितेस आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही. (कॉलिन भाऊजी गेल्यापासून तू तिमारूतल्या घराचं फाटकही ओलांडलं नाहीस, हे मला कळतं. कुणाकडून ते विचारू नकोस.) असो.

मी ते नवशिक्यांचं पळणं पुरं केलं, ही बातमी शोनाने तुला दिलीच असेल, गावात तर सांगायचं कुणी उरलं नाही. नऊ आठवडे फोनमधली एक बाई माझ्या कानात बोलत होती, आता चाला, आता पळा, शाब्बास. शेवटच्या दिवशी म्हणाली, अभिनंदन, तुम्ही आता धावपटू झालात, आणि तिने जी दातखीळ बसवून घेतली ती आजतागायत. पुढे काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही. एखाद्याला पोहायला शिकवावं आणि भर समुद्रात सोडून घरी जावं, तसलाच प्रकार. शेजारचा ग्रॅहम म्हणाला, "आता थेट दहा किलोमीटरची शर्यत मार की, मर्व्ह." (माझ्या होडीवर डोळा असलेला ग्रॅहम तो हाच. मी शर्यतीत आडवा झालो तर होडीचं काय होईल, हे त्याने नक्की योजून ठेवलंय.) शोना मात्र फार गोड आवाजात म्हणाली, "घाई कशाला? शेवटचाच आठवडा पुन्हा कर, सावकाश. मध्ये विश्रांती घे. आणि शनिवारी बंदरावर सगळ्यांबरोबर पळायला जा." उभ्या संसारात हा गोड आवाज तिने फुकट वापरलेला मला आठवत नाही. तिथेच पाल चुकचुकली.

शनिवारी गेलो. माणसं, कुत्री, बाबागाड्या, सगळी भुर्रकन पुढे गेली. मागे राहिली एकच बाई, केशरी जाकिटातली. शोनाच्या विणकामाच्या मंडळातली हुइया. ही मला ओलांडून जाईना. मी हळू झालो की ती हळू. मी नाडी बांधायला बसलो, तर ती समुद्रपक्षी बघू लागली. वाटेत एक भलामोठा सील आडवा पसरला होता, तो उठेपर्यंत मी थांबलो, तर ही आभाळाकडे बघत उभी. शेवटी मी होड्यांच्या शेडमागे लपलो. बऱ्याच वेळाने डोकावलो तर बाईसाहेब खांबाला टेकून पेपरमिंट चघळतायत. शोनाने पाळत ठेवली होती, दुसरं काय. आपले बाबा माझ्याच वयात गवत कापता कापता गेले, ते तिच्या मनातून जात नाही. (माझ्याही जात नाही. रोज पळताना भीती वाटते, पण हे तुझ्यामाझ्यात ठेव.)

पुढच्या शनिवारी जाकीट तेच, आत एक टकलू गृहस्थ. म्हणजे टोळी होती. तिसऱ्या शनिवारी पुन्हा हुइया दिसली तशी मी वळून तिला गाठलीच. "शोनाने पाठवलंय ना तुला?"

"काय डोकंबिकं फिरलं का तुझं?" ती म्हणाली. "कुणीतरी शेवटचं असायला नको का? जाकीट ज्याच्या अंगात तो शेवटचा. म्हणजे बाकी कुणालाच शेवटचं यावं लागत नाही. पाळ्या लावल्यात आम्ही."

"मग मी कितवा?"

"शेवटून दुसरा. दर वेळी."

मला हायसं वाटलं आणि अपमानही झाला, दोन्ही एकदमच. तिने मला गरम चीज रोल दिला आणि वर म्हणाली, "पळायला शिकलास ना? आता पुढे हेच करायचं. येत्या शनिवारी जाकीट तू घाल."

शोना आठवण सांगते. तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ,
मर्व्ह

ता. क. जाकीट घालायचं कबूल करून बसलो, पण मी शेवटचा म्हटल्यावर माझ्या लगेच पुढे, शेवटून दुसरं, कुणीतरी हवं, आणि हल्ली बाबागाड्याही माझ्या हाताला लागत नाहीत. तेव्हा शुक्रवारीच ये. पळू नकोस, चाल. वाटेत रडू आलं तर खुशाल थांब. मी मागे उभा राहून आभाळाकडे बघेन, काही विचारणार नाही.

आणखी एक ता. क. पत्र शोनाला वाचून दाखवलं, कंसातलं सोडून. छान जमलंय म्हणाली. मग पाकीट शोधायला, तू आलीस की उतरतेस त्या खोलीत गेलो, तर पलंगावर धुतलेल्या चादरी, उशाशी फुलं आणि खाली तुझ्या मापाचे नवे बूट. पत्र लिहायचं मला आज सुचलं, बुटांची पावती मात्र गेल्या आठवड्यातली आहे. ताई, शोनाची पाळत माझ्यावर नव्हतीच, तुझ्यावर होती. मुकाट्याने ये.