पाटीवरचे मनोहरकाका

कोलकाता,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप मनोहरकाकांना
श्रीधरचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची रीत आहे. ती मी करतो, पण जपून. तुम्ही बरे आहात ना? (आहात, एवढं कळवलंत तरी पुरे. बरे आहात का, ते नंतर पाहू.) आम्ही सगळे ठीक. स्मिताचा गुडघा थंडीत धरतो. यशचं मराठी सुधारतं आहे. मी कोणाला लिहितोय म्हणून त्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, पण मनोहरआजोबा तर वारले ना?” ‘वारले’ हा शब्द त्याला येतो याचा मला आधी आनंद झाला. मग मी दार लावून घेतलं. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद.

तुम्ही कसे वारलात हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही, आणि ते समजण्याचा तुम्हाला हक्क आहे. गणपतीत आरतीनंतर आपल्या मराठी मंडळाची माणसं प्रसाद घेत होती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. (तिथे तुमच्यानंतर कोणी बसत नाही. मान म्हणून नव्हे, तिचा एक पाय हलतो.) सुश्रुत, जो बँकेच्या बदलीवर नुकताच नागपूरहून आला आहे आणि ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही, म्हणाला, “इथे ते मनोहरकाका बसायचे ना?” कालिंदीमावशींनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. त्या चहा पांचट झाला तरी तसाच सोडतात. पण कोणीतरी उठून उभं राहिलं. एक उभा राहिला की दुसऱ्याला बसवत नाही. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग सगळे खाली बसले, आणि तुम्ही गेलेले होतात. त्यानंतर कोणाला विचारायची सोय नव्हती. कधी गेले, कशाने गेले, असं विचारणं म्हणजे आपण अंत्यदर्शनाला गेलो नव्हतो हे सांगणं. आपलं मंडळ लहान. इथे कोण कोणाच्या अंत्यदर्शनाला गेलं नाही हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. तेव्हा प्रत्येकाने धरून चाललं की दुसरा गेला होता. तुम्हाला फोन करून पाहावा असं मला एकदा वाटलं. पण वारलेल्या माणसाने फोन उचलला तर काय बोलायचं? (तसं तुमचं आणि मंडळाचं आधीच बिनसलेलं. वार्षिक नाटकात तुम्हाला काम न देता प्रॉम्प्टिंगला बसवलं, आणि तुम्ही इतक्या खणखणीत आवाजात केलंत की टाळ्या विंगेला पडल्या. त्यानंतर तुम्ही डमडमच्या घरून मंडळात आला नाहीत.)

त्याच सुमारास सियालदहच्या पलीकडच्या मुलांच्या हॉस्पिटलची माणसं मंडळात आली. ते हॉस्पिटल देणग्यांवर चालतं. आपण एका खाटेचा खर्च उचलायचा, ते खाटेच्या डोक्याशी पितळी पाटी लावणार. द्यायला सगळे तयार होते. तेवढं श्रेय मंडळाला द्या. प्रश्न पाटीचा होता. आपल्या माणसाला स्वतःच्या नावाने दान करायला संकोच वाटतो, आणि नुसतं मंडळाचं नाव घालणं कोरडं वाटतं. कोणाच्या तरी स्मरणार्थ हवं. मग प्रत्येक घरातून एकेक कैलासवासी पुढे आले. कालिंदीमावशींना सासरे हवे होते. दुसऱ्यांना ते चालेनात, कारण ते हयात असताना कोणाला चालले नव्हते. चहा दोनदा झाला. शेवटी ज्याच्यावर कोणाचाच हक्क नाही असं एकच नाव उरलं. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेली ती एकच गोष्ट, काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतो.

पाटी बसवण्याआधी शोकसभा घ्यावी लागली. फोटो मी दिला, सहलीतला. बाजूची माणसं कापून तुम्हाला छातीपर्यंत तेवढं ठेवलं. तुमच्या खांद्यावर माझा हात होता, तो कापता आला नाही. हार घातल्यावर दिसेनासा होईल असं वाटलं, झाला नाही. मग भाषणं. तुमच्याविषयी कोणाला फारसं काही ठाऊक नव्हतं आणि रिकाम्या हाताने बोलायला उठता येत नाही. सुश्रुत म्हणाला, त्यांचा मुलांवर फार जीव होता. कालिंदीमावशी म्हणाल्या, संध्याकाळी ते गच्चीत बासरी वाजवत बसत. मी म्हणालो, काकांनी कधी आवाज चढवला नाही. (तुमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात मी दोन वर्षं काढली. तुमचा आवाज खालच्या चहावाल्याला ऐकू जायचा आणि तो माझ्या नावाने मला ओळखायचा.) सभा चांगली झाली. मला स्वतःला रडू आलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाटीचा पडदा सरकवला तेव्हा मागच्या रांगेत माकडटोपी घातलेले तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मी तुम्हाला ओळखलं, कारण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पाहायचात तसं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कालिंदीमावशी तुमच्यापाशी गेल्या. “तुम्ही त्यांचे भाऊ ना हो? चेहरा अगदी तोच.” तुम्ही म्हणालात, “धाकटा.” त्या म्हणाल्या, “फार सात्त्विक होते हो.” तुम्ही म्हणालात, “छे, हेकट होता,” आणि आणखी एक नारळाची वडी घेतलीत. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पाटी पितळेची होती, नाव कोरून झालं होतं आणि फोटो निघत होते. त्यानंतर तुम्ही रोज संध्याकाळी भेटीच्या वेळी त्या खाटेशी जाऊन बसू लागलात, भाऊ म्हणून. मला वाटलं, बरं झालं. माणसाला जायला एक ठिकाण झालं.

आता नूपुरविषयी. तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहितो, म्हणजे क्रम लागेल. ही सध्या त्या खाटेवर आहे. बनगावकडची, सात-आठ वर्षांची, हृदयाच्या पडद्याला भोक. ऑपरेशन लांबवण्यासारखं नाही. मागच्या खेपेला स्ट्रेचरवर घेताना तिने इतका आकांत केला की ओठ निळे पडले आणि डॉक्टरांनी तिला परत खाटेवर ठेवलं. असं पुन्हा झालेलं तिला झेपणार नाही, असं ते म्हणाले. तिची आई व्हरांड्यात बसून असते. ती कोणाशी बोलत नाही. म्हणून वॉर्डातल्या सिस्टर शेफालींनी मला बोलावलं. मुलगी म्हणते, मी जाईन, पण दादू, म्हणजे आजोबा, बरोबर आला तर. त्यांनी विचारलं, तो रोज येतो तो दादू? ती म्हणाली, तो नाही. तो ओरडतो. दुसरा. दुपारी येतो तो, पाटीतला.

मी गेलो ती दुपारची वेळ होती. वॉर्डात कोणी रडत नव्हतं. मुलांच्या वॉर्डात असं होत नाही. सगळी मुलं जागी होती आणि सगळी त्या एका खाटेकडे तोंड करून होती. मी स्टूल ओढून बसणार तोच नूपुर म्हणाली, “तिथे नको.” मी स्टुलावर हात ठेवला. ते कोमट होतं. मी तिला विचारलं, दादू दिसतो कसा? तिने उशीखालून कागद काढला. चष्मा, मिशी, कपाळावरची आठी, तुम्हीच, काका. हातात बासरी. छातीच्या खाली काही नव्हतं. कागद शिल्लक होता, पण तिने तिथेच थांबवलं होतं. आणि खांद्यावर एक हात होता, ज्याला पुढे माणूस नव्हता. मी विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, ठाऊक नाही, तो नेहमी असतोच. शोकसभेतला फोटो हॉस्पिटलमध्ये कधी गेलेला नाही. तो आमच्या माळ्यावर आहे. तेव्हापासून दुपारी माझा उजवा हात गार पडतो. (स्मिता म्हणते, माऊस धरून. न्यू टाउनच्या ऑफिसात एसी फार असतो.) मी उठलो तेव्हा मागे बासरी ऐकू आली. सूर लागत नव्हता. नवशिका माणूस फुंकर मारून पाहतो, तसं. कालिंदीमावशींनी ते वाजवत असत एवढंच सांगितलं होतं. कसं, ते सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं ही माझी चूक. तुम्ही परवा घरी आलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. “मला मारलंत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही,” तुम्ही म्हणालात. “पण तो माझ्या नावावर बासरी वाजवतो? बेसूर?” स्मिता हसली आणि मग तिला हसू आवरावं लागलं, कारण तुम्ही वळून तिच्याकडे पाहिलंत. तुम्ही म्हणालात, “श्रीधर, मी खरंच जाईन त्या दिवशी माझ्या जागेवर आधीच कोणीतरी बसलेलं असेल. तुमच्या सगळ्यांच्या पसंतीचं. मग मी कुठे जायचं?” तुम्ही म्हणालात, येत्या आठवड्यात स्वतः पेचकस घेऊन जाईन आणि पाटी उतरवीन. हा तुमचा हक्क आहे. नाव तुमचं आहे. मंडळाचा सचिव या नात्याने मी तुमची क्षमा मागतो आणि वार्षिक सभेत तुमच्या हयातीचा ठराव मांडण्याचं वचन देतो. (विरोध होईल. खर्च झाला आहे.)

थोरांना नमस्कार सांगण्याची पद्धत आहे, पण तुमच्या घरी तुम्हीच थोर. तेव्हा तो पुन्हा तुम्हालाच.

तुमचा,
श्रीधर

ता. क. खरं सांगायचं ते राहिलं. पेचकस गुरुवारनंतर आणा. गुरुवारी नूपुरचं ऑपरेशन आहे. पाटी काढायची आहे हे मी सिस्टरना सांगितलं आणि त्यांनी ते तिच्यासमोर बोलून टाकलं. तिने एवढंच विचारलं, “मग तो राहणार कुठे?” तोच प्रश्न तुम्ही मला विचारला होतात. पण तिच्याजवळ वेळ कमी आहे, काका. गुरुवारपर्यंत मेलेले राहा. एवढी भीक घाला.

ता. क. (गुरुवार संध्याकाळ) पत्र घेऊन मी डमडमला दोनदा आलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. पण पाटी जागेवर होती, म्हणजे तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल आभार. नूपुर आज ऑपरेशनला गेली. रडली नाही. स्ट्रेचरवरून तिचा एक हात बाहेर होता आणि मूठ अर्धवट मिटलेली, कोणाचं तरी बोट धरल्यासारखी. दार मिटेपर्यंत तशीच होती. तिला बाहेर आणलं तेव्हा हात उघडा होता. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन ठीक झालं. पण पाटीतला दादू बाहेर आलेला नाही. मी वॉर्डात जाऊन पाहिलं. स्टूल गार आहे. सगळी मुलं दाराकडे तोंड करून आहेत. दोन-चार दिवसांत तिला खाटेवर परत आणतील आणि ती आधी त्या स्टुलाकडे पाहील. तिथे कोणीतरी असायला हवं. तुम्ही या. भाऊ म्हणून नको. मनोहर म्हणून या. ओरडलात तरी चालेल.

ता. क. (सोमवार) आता सिस्टर शेफालींचा फोन आला. नूपुर खाटेवर आली आहे, शुद्धीवर आहे, तिने भात मागितला. पण सिस्टरची तक्रार आहे. नियमाप्रमाणे एका पेशंटपाशी एकालाच बसता येतं, आणि तिच्या खाटेला दोन्ही बाजूंनी एकाच चेहऱ्याची दोन माणसं बसली आहेत. एक स्टुलावर, माकडटोपीत. दुसरा उशाशी, पांघरुणात. मराठीत भांडण चाललं आहे. एकाचा आवाज पार लिफ्टपर्यंत जातो, दुसऱ्याचा अजिबात चढत नाही, आणि टाके दुखतील म्हणून मुलगी तोंडावर हात दाबून हसते आहे. मंडळाच्या सचिवाने ताबडतोब येऊन त्यातल्या एकाला उठवावं असं सिस्टरचं म्हणणं आहे. मी बूट घातले आहेत. पत्र हातीच आणतो आहे. मी पोचेपर्यंत कोणी उठायचं ते तुम्ही दोघांनी आपसात ठरवून ठेवा. मला ते सांगवणार नाही.